स्की हातात असेल तरच गाडी थांबेल

लग्नानंतरचा माझा पहिला संसार एका रेल्वे स्टेशनात झाला. स्टेशनाजवळ नव्हे, स्टेशनात. आमच्या ह्यांना डॉक्टरेटसाठी काचेवर संशोधन करायचं होतं आणि ज्या कारखान्यात ते करायचं, तो रेगेन्सबर्गपासून दोन-अडीच तासांवर, जर्मनीच्या पार पूर्वेकडच्या जंगलात होता. साठ सालानंतरचे दिवस होते. भाड्याने जागा मिळायची मारामार, त्यात आम्ही परदेशी. हे आधी एकटेच जाऊन जागा बघून आले आणि मला म्हणाले, "प्रशस्त आहे. पुढे लांबलचक अंगण आहे. आणि स्टेशन अगदी दाराशी." माणूस एक अक्षर खोटं बोलला नाही, हे मी आजही कबूल करते. अंगण म्हणजे फलाट होता.

ते स्टेशन मुळात बांधलं होतं स्कीवरून उड्या मारणाऱ्यांसाठी. मागच्या डोंगरावर युद्धापूर्वी लाकडाचा एक उंच मनोरा होता म्हणे. चांगली धडधाकट, हातीपायी धड असलेली माणसं भर हिवाळ्यात त्यावरून स्वतःला खाली झोकून द्यायची आणि ते बघायला रविवारी गाड्या भरभरून लोक यायचे. युद्ध संपल्यावरच्या कडाक्याच्या थंडीत आसपासच्या गावांनी तो मनोरा फळी फळी करून शेगडीत घातला. उड्या संपल्या, बघे संपले, स्टेशन बंद पडलं. गाड्या तेवढ्या जात राहिल्या. गाडी म्हणजे रुळांवरून धावणारी लाल बसच होती, शीनेनबुस. दिवसातून चार वेळा ती आमच्या दारावरून जायची आणि आतले लोक माझ्या स्वयंपाकघरात डोकावून बघायचे.

स्वयंपाकघर तिकीटघरात होतं. प्रतीक्षागृह ही आमची बैठकीची, झोपायची आणि भांडायची खोली. दारावर 'वार्टेझाल' अशी पाटी होती, प्रतीक्षागृह म्हणून, ती काढायची आम्हाला परवानगी नव्हती. दोन्ही खोल्यांच्या मधे तिकिटाची खिडकी. मी आतून पोळ्या करायची आणि हे बाहेरून काचेवर टकटक करून म्हणायचे, "एक पोळी द्या. जाता-येता." पहिल्या आठवड्यात मी हसले. दुसऱ्या आठवड्यात खिडकी लावून घेतली. भुकेला माणूस बाहेर अर्धा तास उभा राहिला, तेव्हा कुठे विनोद सुटला.

वरच्या मजल्यावर निवृत्त स्टेशनमास्तर राहायचे. बायको कधीच गेलेली, मुलं नाहीत, नोकरी संपून सात-आठ वर्षं झालेली. तरी गाडीची वेळ झाली की टोपी चढवून, कोटाची बटणं लावून मास्तर खाली यायचे आणि न थांबणाऱ्या गाडीला सलाम ठोकायचे. गाडी गेली की घड्याळ बघायचे. एक मिनिट उशीर असला तर दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. माझं आणि त्यांचं पहिलं भांडण बटाट्याच्या पापडांवरून झालं. उन्हाळ्यात एवढा मोठा सपाट फलाट तापतोय आणि त्यावर काहीच वाळत घातलेलं नाही, हे मला बघवेना. मी चादरी अंथरून दीडशे पापड घातले. मास्तर म्हणाले, फलाट प्रवाशांसाठी आहे. मी म्हटलं, प्रवासी दाखवा. तेवढ्यात साडेअकराची गाडी आली आणि तिच्या वाऱ्याने सगळे पापड उचलून रुळांवर नेले. मास्तरांनी सलाम मोडला नाही, पण गाडी वळणाआड गेल्यावर ते रुळांत उतरले आणि माझ्याबरोबर एकेक पापड वेचू लागले. तेव्हापासून आमचं बरं जमलं.

आता जरा माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. बाबाही रेल्वेतले. घाटातल्या गाड्यांचे ब्रेक हा त्यांचा विषय, आणि शब्दाला पक्के. मी जातीबाहेर लग्न ठरवलं तेव्हा ते ओरडले नाहीत की आदळआपट केली नाही. शांतपणे म्हणाले, "तू मोठी आहेस. कर. मी तुझ्या घराचा उंबरा कधी ओलांडणार नाही." रजिस्टर लग्नाला आई आली, बाबा आले नाहीत. आम्ही बोटीवर चढलो तेव्हाही आले नाहीत. त्यानंतर तीन वर्षं त्यांचं एक अक्षर नाही. आईच्या पत्रात शेवटी "सर्वांचे आशीर्वाद" असायचं. त्या सर्वांत बाबा आहेत की नाहीत, हे मी दर वेळी पत्र उलटंपालटं करून शोधायची. मीही कमी हट्टी नव्हते. मी त्यांना लिहिलं नाही. पण रोज आठवण यायची आणि रोज राग यायचा.

आणि फेब्रुवारीत आईचं पत्र आलं. बाबांना रेल्वेतर्फे आणखी पाच जणांबरोबर जर्मनीत पाठवलंय. डोंगरातल्या गाड्यांचे ब्रेक बघायला ते नेमके तुमच्याच मार्गाने जाणार आहेत, अमुक वारी, सकाळच्या गाडीने. "त्यांना ठाऊक नाही मी तुला कळवते आहे. त्यांना तिकडचं काही खाता येत नाही. स्टेशनवर डबा घेऊन जा."

स्टेशनवर डबा घेऊन जा! आईचं तरी काय चुकलं? आपल्याकडे नात्यातलं कोणी गावावरून गाडीने जाणार असलं की डबा घेऊन फलाटावर जायचं, हा रिवाजच. गाडी थांबते, माणूस खाली उतरतो, ख्यालीखुशाली होते, डबा हातात पडतो, शिट्टी होते. आईच्या डोळ्यांपुढे तेच. मुलगी तर स्टेशनातच राहते, म्हणजे तिला चपलासुद्धा घालायला नकोत. आमच्या स्टेशनावर गाडी थांबत नाही, हे मी लाजेकाजेस्तव घरी कधी कळवलंच नव्हतं.

मी पत्र घेऊन पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. तीन वर्षांनी बाप दारावरून जाणार, तोही ताशी पन्नास किलोमीटरने. मास्तर वरून धावत आले. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं, उंबऱ्यासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आल्झो. क्षणभर थांबा," आणि वर जाऊन एक जाडजूड नियमपुस्तक घेऊन आले. त्यात एक कलम होतं. हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना, या स्टेशनच्या फलाटावर स्की घेतलेला प्रवासी उभा असेल आणि त्याने स्की उभी धरून इशारा केला, तर गाडी थांबवावी. थांबा अर्ध्या मिनिटाचा.

"पण स्टेशन बंद आहे ना?" हे म्हणाले.

"स्टेशन बंद आहे. कलम चालू आहे," मास्तर म्हणाले. "ते कोणी रद्दच केलेलं नाही. मी दर वर्षी बघतो."

मात्र जो गाडी थांबवेल त्याने गाडीत चढलं पाहिजे. गंमत म्हणून थांबवणं हा गुन्हा. म्हणजे मी स्की घेऊन चढायचं, बाबांच्या शेजारी बसायचं आणि पुढच्या स्टेशनात उतरायचं. मधला प्रवास अकरा मिनिटांचा. अकरा मिनिटांत तीन वर्षांचं काय बोलायचं, याची मी पोळ्या लाटताना तालीम करू लागले. दर तालमीत पहिली आठ मिनिटं भांडणातच जायची.

मास्तरांची तालीम वेगळी. त्यांनी माळ्यावरून स्वतःच्या जुन्या लाकडी स्की काढल्या. माझ्यापेक्षा हातभर उंच. रोज सकाळी मला फलाटाच्या मधोमध उभं करून ते स्वतः गाडी व्हायचे. लांबून तोंडाने शिट्टी देत धावत यायचे आणि मी स्की उभी धरायची. "सरळ! अजून सरळ! ही काय केरसुणी आहे?" असं काहीतरी ते म्हणत असावेत. ह्यांना मी बजावलं, "अहो, तुम्ही त्या दिवशी तिकीटघरात बसा आणि बाहेर डोकंसुद्धा काढू नका. तुम्हाला बघून बाबा चालत्या गाडीतून परत जातील."

तो दिवस उजाडला. पहाटे उठून मी सुकी बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि रव्याचे लाडू केले. डबा नव्हता, म्हणून दुधाच्या किटलीत लाडू आणि वर कागदात पुरी-भाजी. हिरवी साडी, त्यावर ह्यांचा कोट, पायात ह्यांचेच लोकरीचे मोजे आणि मास्तरांचे गमबूट. एका हातात किटली, दुसऱ्या हातात स्की. मास्तरांनी पहाटेपासून फलाटावरचा बर्फ इतका साफ केला होता की शेवटी ह्यांना टोपलीभर आणून पुन्हा पसरावा लागला, कलमात बर्फ हवा होता म्हणून.

गाडी वळणावर दिसली. मी स्की उभी केली. ती एका हाताने पेलेना, मी किटलीसकट तिला मिठी मारली, पाय घसरला आणि बसकण मारली. पण स्की मी सरळ ठेवली, हे मास्तरांनी पुढे कितीतरी वेळा लोकांना सांगितलं. करकचून ब्रेक लागले. गाडी नियमामुळे थांबली की चालकाने मला बघितल्यामुळे, यावर मास्तरांचं आणि ह्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सलाम करत होते. कंडक्टरने मला, स्कीला आणि किटलीला पुढच्या दाराने आत ओढलं. दार लागलं. गाडी सुटली.

मी निऱ्या सावरत आत वळले. गाडीत दोन म्हाताऱ्या बायका, सहा बॅगा आणि पाहुण्यांबरोबर आलेला एक जर्मन अधिकारी. तो खिडकीला नाक चिकटवून पांढराफटक पडला होता. मी त्याच्या खांद्यावरून बाहेर बघितलं.

फलाटावर सहा माणसं उभी होती. माकडटोप्या, मफलर, ओव्हरकोट. एक जण हात वर करून आळस देत होता. एक जण चहावाला शोधत असल्यासारखा इकडेतिकडे बघत होता. आणि सगळ्यांत मागे, हात पाठीशी बांधून, स्टेशनच्या पाटीकडे, आईला येणाऱ्या माझ्या पत्रांवर असायचं त्याच नावाकडे, चष्म्यावरून बघत असलेले बाबा.

सहाजण रेल्वेत आयुष्य घालवलेली माणसं! पण त्यांच्या रेल्वेत गाडी स्टेशनात थांबली म्हणजे थांबते. इंजिन पाणी पितं, गार्ड गप्पा मारतो, माणूस उतरून पाय मोकळे करतो. अर्ध्या मिनिटात सुटणारी गाडी त्यांनी आधीच्या दहा दिवसांत बघितली नसेल असं नाही, पण निर्जन जंगलात, बर्फात गाडी थांबल्यावर ती पाय मोकळे करायला थांबलेली नाही, हे त्यांच्यातल्या एकाच्याही मनाला शिवलं नाही. मागच्या दाराने सगळे उतरले होते.

थोडक्यात, बाबांना भेटायला मी गाडीत, आणि बाबा माझ्या दारात.

ती अकरा मिनिटं मी त्या जर्मन अधिकाऱ्याबरोबर काढली. तो सारखा "सहा! सहाही!" म्हणत होता. मी रडत होते. मधेच त्याने विचारलं की किटलीत काय आहे. मी त्याला लाडू दिला. माणूस चार लाडू खाऊन जरा शांत झाला आणि पुढच्या स्टेशनात सहा बॅगांवर बसून राहिला. बॅगा सोडून हलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. मी परतीच्या गाडीसाठी पाऊण तास येरझारा घातल्या. मनात एकच. बाबा बर्फात चालत निघून तर जाणार नाहीत?

परत येताना चालक तोच होता. मला स्की उभी धरायची वेळच आली नाही, त्याने आपणहून गाडी थांबवली आणि मी उतरेपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळलं.

फलाटावरच्या बाकावर बाबा बसले होते. टोपीवर बर्फ, भुवयांवर बर्फ. शेजारी मास्तर. दोघांची एकही भाषा सामाईक नव्हती, तरी हातवारे करून जोरात चर्चा चालली होती. बाबा दोन्ही हातांनी सिग्नल पाडून दाखवत होते आणि मास्तर "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' करून मांडी थोपटत होते. बाकीचे पाच जण कुठे आहेत ते विचारावं लागलं नाही. आतून हसण्याचा आणि तळणाचा वास... म्हणजे हसण्याचा आवाज आणि तळणाचा वास येत होता. धुराडं दिसल्याबरोबर त्यांचे साहेब सगळ्यांना घेऊन आत शिरले होते आणि तिकीटघरात लपलेल्या माझ्या नवऱ्याने नाइलाजाने पुऱ्या तळायला घेतल्या होत्या.

मी पाया पडले. बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"आत का नाही गेलात?"

"शब्द दिलाय."

"बाबा, न्यूमोनिया होईल!"

"होऊ दे."

मग माझी तालीम केलेली सगळी आठ मिनिटं तिथे उपयोगी पडली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तीन वर्षांत एक ओळ लिहावीशी वाटली नाही का, असं विचारलं हे आठवतं. आणि तुम्ही मेलात की जिवंत आहात ते मला आईच्या पत्रातल्या 'सर्वांचे'मधून शोधावं लागायचं, असं म्हटलं, तेही आठवतं. बाबा समोरच्या रुळांकडे बघत राहिले. मी खरोखर चिडले होते, आणि त्यांना गारठलेलं बघून माझं काळीज तुटत होतं.

मास्तर उठून वर गेले आणि आमचा भाडेकरार घेऊन आले. त्यात एक ओळ होती, ती मी पूर्वी कधी वाचली नव्हती. हिवाळी खेळांची वाहतूक सुरू झाल्यास भाडेकरूने प्रतीक्षागृह प्रवाशांसाठी खुलं ठेवावं. मास्तर छाती काढून म्हणाले, "आज सकाळी वाहतूक सुरू झाली आहे. हे गृहस्थ प्रवासी आहेत. दारावर पाटी आहे. हे कोणाचं घर नाही." मी भाषांतर केलं.

बाबांनी करार हातात घेतला. शिक्का तपासला. करार उलटा करून मागचा शिक्का तपासला. खिशातून स्वतःचं तिकीट काढून त्यावरची तारीख बघितली. "कायदेशीर आहे," ते म्हणाले आणि तिकीट हातात धरून, कोणाकडेही न बघता आत गेले. आमच्या पलंगाच्या अगदी कडेला बसले, गुडघे जुळवून, कोट न काढता.

तिकिटाची खिडकी उघडली. आत माझा नवरा, कपाळाला पीठ, हातात झारा. दोघांनी एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पाचही जण घास तोंडात धरून थांबले.

बाबांनी घसा खाकरला. "पुढची गाडी किती वाजता?"

"तीन वाजून वीस मिनिटांनी," हे म्हणाले. "पुरी-भाजी आहे."

"प्रवाशांना मिळते का?"

"मिळते."

खिडकीतून ताटली आली. बाबा जेवले. एकदा त्यांनी खिडकीकडे बघून, "मीठ बेताचं आहे," एवढं म्हटलं. हे हसत होते की काय ते कळेना, कारण ते खाली वाकून स्टोव्हच्या वातीशी काहीतरी करत होते. माझ्याशी बाबा आईच्या गुडघ्यांबद्दल बोलले, शेजारच्या नव्या बिऱ्हाडाबद्दल बोलले, घाटात बसवलेल्या नव्या ब्रेकबद्दल तर पुष्कळच बोलले. माझ्या लग्नाचा, घराचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. घड्याळाकडे बघायचं मी टाळत होते.

तीन वाजता मास्तर टोपी घालून, स्की घेऊन फलाटावर जाऊन उभे राहिले. साहेबांनी सगळ्यांना आधीच रांगेत उभं केलं होतं. अर्ध्या मिनिटाची दहशत बसली होती. गाडी आली, थांबली. पाच माणसं पटापट आत चढली. बाबा नव्हते.

मी दाराकडे धावले. "बाबा, चला, गाडी आली! अर्धंच मिनिट थांबते!"

बाबा दाराशी उंबऱ्यावर बसले होते, आतल्या बाजूला तोंड करून, वाकून बुटांच्या नाड्या सोडत.

"ओरडतेस काय? ठाऊक आहे मला," ते मान वर न करता म्हणाले. "संध्याकाळची एक आहे. आणि जावईबापूंना म्हणावं, चहा टाका."